कडी बाहेरून होती

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर मिळालं. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर तसाच ठेवून आधी ते वाचलं. वसतिगृहातल्या तुझ्या मुली शुक्रवारी गोष्ट ऐकायला जमतात आणि आता त्यांना घाबरायची हौस आली आहे, हे वाचून हसू आलं. तू बाजारातून दोन पुस्तकं आणलीस आणि दोन्ही मिटून ठेवलीस. एकात पानागणिक मुडदा, आणि दुसऱ्यात भुतापेक्षा भुताच्या कपड्यांचीच वर्णनं जास्त. रक्त नको, चावटपणा नको, तरी अंगावर काटा आला पाहिजे, असं काही तुझ्याकडे आहे का, असं विचारलं आहेस.

आहे. असं मागणारी तू पहिली नाहीस. आमच्याकडे एक दातांची डॉक्टर येते. ती म्हणते, दिवसभर लोकांच्या तोंडातलं रक्त बघते, निदान झोपताना तरी नको. एक निवृत्त मास्तर येतात, ते असं पुस्तक मागताना आवाज इतका खाली आणतात की जणू उधार मागताहेत. या लोकांसाठी मी माझ्या खुर्चीमागचा एक कप्पा राखून ठेवला आहे. त्यावर चिठ्ठी नाही. निवड कशी करते ते सांगते, म्हणजे तुलाही पुढे जमेल. ज्या गोष्टीत आरडाओरडा लवकर सुरू होतो ती बाजूला ठेवायची. चांगल्या गोष्टीत घर जसंच्या तसं असतं, माणसं जेवतात, भांडी घासतात, आणि एकच वस्तू जागची जराशी सरकलेली असते. ज्याच्या ते लक्षात येतं तो स्वतःची समजूत घालतो, आणि त्याची समजूत पटते तसतशी आपली पटेनाशी होते. वाचून झाल्यावर तहान लागली असूनही पाणी प्यायला उठावंसं वाटलं नाही, तर पुस्तक उत्तम. त्या कप्प्यातली निवडक पुस्तकं या पत्रासोबत बांधून पाठवते आहे. सावकाश परत कर.

त्या कप्प्याचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक बाबा होते. तू घर सोडून गेल्यावर पहिल्याच पत्रात बजावलं होतंस की त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. मी आजवर पाळलं. आज मोडते आहे, रागावू नकोस. रागावायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागाव.

बाबांनी छापखान्यातलं काम सोडलं तरी त्यांच्यातला मुद्रितशोधक काही निवृत्त झाला नाही. औषधाच्या बाटलीवरच्या चुकाही पेन्सिलीने दुरुस्त करायचे. मग डोळे गेले, म्हणजे पूर्ण नाही, पण बारीक अक्षर दिसेना. तेव्हापासून संध्याकाळी मी वाचायची आणि ते ऐकायचे. भीतीच्या गोष्टी त्यांना आवडायच्या, कारण त्यात लेखकाला शब्द जपून वापरावे लागतात, असं ते म्हणायचे. बरे दिवस होते ते. तुला कदाचित ऐकवणार नाही, पण होते.

गेल्या वर्षी त्यांचं सुरू झालं. आधी दिवस विसरले, मग शेजारी विसरले. मला विसरतील तेव्हा काय करायचं याची मी मनाशी तयारी ठेवली होती. पण ते मला विसरले नाहीत, ताई. त्यांना माझं सगळं आठवतं. माझ्या भुवईवरचा व्रण, तो कोणत्या पायरीवर पडून झाला ते, माझा हट्टीपणा, सगळं. फक्त त्यांचं म्हणणं असं की ती मी नव्हे. एका सकाळी मी चहा पुढे ठेवला तर माझ्याकडे बघतच राहिले, छापखान्यातून आलेला कागद बघायचे तसे, ओळीवरून ओळीवर. मग म्हणाले, मजकूर तोच आहे, पण छपाईचे खिळे दुसरे आहेत. मी हसले. ते नाही हसले. अगदी सभ्यपणे त्यांनी विचारलं, माझी मुलगी कुठे ठेवलीत?

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या या आजारात असं होतं. चेहरा ओळखू येतो, पण त्या चेहऱ्याबरोबर येणारी माया येत नाही, मग मन म्हणतं की हा कुणीतरी सोंग घेऊन आलाय. वाद घालू नका म्हणाले. मी वाद घातला नाही. बाबाही भांडायचे नाहीत. मला अहोजाहो करू लागले. भात छान झालाय म्हणायचे, आणि वर सांगायचे, तुम्ही कामाला चोख आहात, पण ती आली की तुम्हाला जावं लागेल, आधीच सांगून ठेवतो. मी बरं म्हणायची.

मग मला एक युक्ती सापडली. एका संध्याकाळी मी किल्ली विसरले म्हणून घंटी वाजवली. त्यांनी दार उघडलं, दारात मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आलीस? ये, ये. बाहेरून आलेली मी खरी होते आणि घरातली खोटी. तेव्हापासून मी रोज तेच करू लागले. स्वयंपाक उरकायचा, मागच्या जिन्याने उतरायचं, पर्स खांद्याला लावून पुढच्या जिन्याने चढायचं आणि घंटी वाजवायची. मग थोडा वेळ मी त्यांची मुलगी असायची. ते माझा हात धरून बसायचे आणि कुजबुजत स्वयंपाकघरातल्या बाईच्या तक्रारी सांगायचे. दिसायला हुबेहूब तू, पण डोळ्यांत काही नाही गं, म्हणायचे. मी हं हं करायची. त्या वेळेसाठी मी दिवसभर खोटी राहायला तयार होते. वेडी म्हण हवं तर.

आता त्या दिवसाचं सांगते. रविवार होता. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, कोठीच्या खोलीत वरच्या फळीवर जुने शब्दकोश आहेत, त्यातला मोठा काढून द्या. तुला ती खोली आठवत असेल, खिडकी नसलेली, त्यांच्या कागदांनी छतापर्यंत भरलेली. मी स्टुलावर चढले आणि मागे दार लागलं. कडी बाहेरून होती. सरकल्याचा आवाज आला. मला आधी वाटलं चुकून झालं. हाक मारली. बाबा दाराशीच होते. घाबरू नका, म्हणाले, तुम्हाला कुणी काही करणार नाही. संध्याकाळी मुलगी येते माझी, तिला एकदा तुम्हाला दाखवायचंय. ती स्वभावाने गरीब आहे, सोडून देईल तुम्हाला.

मी दरवाजा बडवला, रडले, शेवटी मोठ्याने म्हणाले की बाबा, मीच ती. त्यावर ते फक्त म्हणाले, असं बोलू नका, वाईट वाटतं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ते दारासमोर बसून वाट बघू लागले आणि मी आत. ताई, विचार कर. ते ज्या मुलीची वाट बघत होते ती येणारच नव्हती, कारण ती आत कोंडलेली होती. संध्याकाळ झाली आणि कुणी आलं नाही तर ते काय करतील, ते स्वतः गॅस पेटवतील का, बाहेर जातील का, याचीच धास्ती घेऊन मी त्या अंधारात कागदांना टेकून बसले.

दाराखालची उजेडाची रेघ पिवळी झाली तेव्हा घंटी वाजली.

मला वाटलं शेजारची कुणी असेल, सुटले. उठून उभी राहिले. बाबांची चप्पल फरपटत गेली, दार उघडलं, आणि मी त्यांचा आवाज ऐकला. आलीस? ये, ये. अगदी त्याच सुरात, ताई, जो फक्त माझ्यासाठी होता.

कुणीतरी आत आलं. कपबशांचा आवाज झाला. बोलणं चाललं होतं, पण मध्ये कागदांच्या थप्प्या होत्या, शब्द कळत नव्हते. बाईचा आवाज होता. ओळखीचा होता. वाचनालयाच्या कार्यक्रमात एकदा माझं वाचन ध्वनिमुद्रित केलं होतं, ते ऐकताना मला जसं परकं वाटलं होतं, तसा तो आवाज होता. मी ओरडले, मी आत आहे, दार उघडा. बोलणं थांबलं. मग बाबा म्हणाले, ओरडते कधीकधी, लक्ष देऊ नकोस. आणि ती बाई हळूच काहीतरी म्हणाली आणि बाबा हसले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते.

बऱ्याच वेळाने पावलं आली. बाबांची नव्हेत, त्यांचं फरपटणं मला माहीत आहे. पावलं कोठीपाशी येऊन थांबली आणि दाराखालच्या उजेडात दोन पायांच्या सावल्या उमटल्या. मी विचारलं, कोण आहे? पुन्हा विचारलं नाही, कारण पलीकडचा श्वास ऐकू येत होता. मग कडी निघाली. हळूच, झोपलेल्या माणसाच्या खोलीत आपण काढतो तशी. दुपारपासून ज्या दारावर मी मुठी आपटत होते ते आता नुसतं ढकलायचं होतं, आणि मी ते ढकललं नाही. उलट दोन्ही हातांनी आतून ओढून धरलं. सावल्या हलल्या, पुढचं दार उघडून मिटलं, तेव्हाच मी बाहेर आले.

बाबा खुर्चीत झोपले होते. टेबलावर दोन कप होते, दोन्ही रिकामे. मी तशीच खाली धावले. जिन्याखाली तो शिंपी बसतो, त्याला विचारलं, आत्ता वर कोण आलं होतं? त्याने मशीन थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, तुम्हीच की. मघाशी वर गेलात, आत्ता उतरलात, आता पुन्हा उतरताय. मी म्हटलं, माझा चेहरा पाहिलात का? तो म्हणाला, चेहरा काय बघायचा, रोजचीच चाल ओळखीची.

त्याला दोन आठवडे होऊन गेले. बाबा आता एकदम शांत आहेत. मला कोंडायचा विचार त्यांनी सोडला. कारण विचारलं तर म्हणाले, ती सांगून गेली, या बाईला राहू दे, हिला दुसरं घर नाही. मी विचारलं, ती पुन्हा कधी येणार? म्हणाले, आता नाही येणार, निरोप घेऊन गेली. मी त्याच संध्याकाळी पर्स लावून खाली गेले, वर आले, घंटी वाजवली. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तुमच्याकडे किल्ली आहे ना? दुसऱ्या दिवशीही तेच. आता मी घंटी वाजवत नाही. मला त्यांच्या घरात दिवसभर खोटं राहायची सवय होती, पण आता खरं असायचा तो थोडासा वेळही कुणीतरी घेऊन गेलं आहे. ते जेवतात, औषध घेतात, मला धन्यवाद म्हणतात. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे.

आता मी हे सगळं का लिहिलं ते सांगते. लहानपणी आपण बोलायला लागलो की आईसुद्धा दुसऱ्या खोलीतून फसायची. चालही आपली एक, असं सगळे म्हणायचे. तुझं ते गाव इथून लांब आहे, तू आलीस असतीस तर मला कळवलं असतंस, निदान त्या दाराशी उभी राहून एकदा तरी हाक मारली असतीस, हे मला समजतं. तरीही कदाचित रागापोटी नाहीच मारलीस. कदाचित शेवटचं एकदा त्यांना बघायचं होतं आणि त्यांनी तुला मी समजून जवळ घेतलं, आणि तुला ते मोडवेना. असं होऊ शकतं. ताई, मला उलटटपाली एकच ओळ लिही, की त्या रविवारी मीच आले होते. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकायची सध्या माझ्यात हिंमत नाही. नुसतं लिही. खरं नसलं तरी लिही. मी विश्वास ठेवीन.

तुझीच,
धाकटी