के-सात, संपूर्ण गोपनीय

२ फेब्रुवारी
ठरलं. या वर्षी आयुष्य मार्गी लावायचं म्हणजे लावायचं. माझा दोस्त पिराजीनं शिरोली एमआयडीसीत महावीर शेठच्या फाउंड्रीत माझ्यासाठी शब्द टाकलाय. स्टोअरकीपर. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पाहिजे. तिथंच घोडं पेंड खातंय. आठ वर्षांपूर्वी फुटबॉल मॅचनंतर राडा झाला, पोलिसांनी गल्लीतली पोरं गाडीत घातली, त्यात मी. संध्याकाळपर्यंत चौकीत. तेव्हापासून मी रेकॉर्डवरचा माणूस. परत कधी चौकशी केली नाही, कशाला उगीच. त्यामुळं नोकरी नाही, लग्न नाही. चूक सिस्टिमची.

४ फेब्रुवारी
पुण्याहून निशिगंधा मॅडम आल्यात. पोलीस रेकॉर्ड असलेल्यांचं जगणं, यावर सर्व्हे. संपूर्ण गोपनीय. नाव कुठंच येणार नाही, माझा कोड के-सात. कुणीतरी आपल्याला निवडलं, बरं वाटलं. निश्चय: कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आईलासुद्धा.

५ फेब्रुवारी
फक्त पिराजीला सांगितलं. तो घरचाच. आणि चहावाल्या आकारामला, कारण त्यानं विचारलं, इस्त्रीचा शर्ट घालून कुठं निघालाईस. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

७ फेब्रुवारी, दुपार
मुलाखत झक्कास. रेकॉर्डमुळं काय काय गेलं ते सगळं सांगितलं. एमपीएससी, क्रांतीचं स्थळ, जिम. मॅडमनी जिमचं परत विचारलं. कलम कुठलं, म्हणाल्या. बरीच आहेत, म्हणालो. केस नंबर तेवढा आणून द्या, म्हणाल्या. एवढं ऐकून घेणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

१० फेब्रुवारी
आकाराम म्हणतो, काय के-सात, कटिंग का फुल्ल? बाकड्यावरची माणसं सरकून जागा देतात. कोल्हापुरात गुपित म्हणजे तांबडा रस्सा, झाकण उघडलं की गल्लीभर वास. तरी नाव कुणीच घेत नाही, सगळे कोडच म्हणतात. म्हणजे गोपनीयता शाबूत आहे.

१३ फेब्रुवारी
पिराजी तोंड पाडून आला. शेठच्या कानावर गेलं. म्हणाले, स्टोअरच्या किल्ल्या द्यायच्या हाईत, रेकॉर्डवाला माणूस कसा ठेवू? जागा दुसऱ्याला दिली. पिराजी म्हणाला, तुझ्यापायी माझा बी शब्द वाया गेला. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. पण मॅडमना हा अनुभव उपयोगी पडेल.

१६ फेब्रुवारी, सकाळ
केस नंबरसाठी मन घट्ट करून पोलीस स्टेशनात गेलो. हवालदारांनी कॉम्प्युटर बघितला. म्हणाले, पावणं, तुमचं नावच न्हाय की. म्हणालो, नीट बघा, वडिलांच्या नावानं बघा. बघितलं. म्हणाले, बाकीच्यांवर केस झालती, ती मिटली बी. तुमास्नी नुसतं बसवून सोडलं असणार. मी म्हणालो, असं कसं, आठ वर्षं मी रेकॉर्डवर आहे. ते म्हणाले, मग आता घालू काय?
दाखला पायजे असला तर अर्ज करा, मिळंल, असंही म्हणाले. जागा तर गेली, आता दाखला कशाला? पाणी मागितलं आणि पिऊन आलो.

१८ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. केस नंबरच नाही, सांगितलं. के-सात रद्द. रेकॉर्ड नसलेली माणसं सर्व्हेत बसत नाहीत. वेळ दिल्याबद्दल आभार. मी विचारलं, रेकॉर्ड नसताना असं जगणाऱ्यांचा सर्व्हे कधी निघणार आहे का? बघू, म्हणाल्या.
आकारामला जाऊन सांगितलं, माझ्यावर केसबिस काही नाही. त्यानं डोळा मारला. म्हणाला, व्हय व्हय, गोपनीय.
शेवटी आईला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापत थापत ऐकून घेतलं. म्हणाली, म्हंजी पोलिसांनी तुला कायच केलं न्हवतं? मग आठ वर्षं घरात कशापायी बसलास रं?
उत्तर गोपनीय ठेवलं.