अंदमानची तिकिटं

विक्रांत,

टावर चौकातला ट्रॅव्हलवाला दुपारी तुझी तिकिटं देऊन गेला. पाकीट फ्रिजवर ठेवलं आहे. उघडंच होतं, म्हणून नावं वाचली. तुम्ही दोघं, मुलं आणि निहारिकाचे आईबाबा. मला तू सांगितलं होतंस की सगळे भोपाळला तिच्या माहेरी जाताय.

त्या माणसाने विचारलं, "अंकल, आप क्यों नहीं जा रहे? बेटा बोल रहा था, आपको पानी से बहुत डर लगता है." मी हो म्हणालो. परक्यासमोर तुला खोटं कशाला पाडायचं? रामघाटावर तुला पोहायला मीच शिकवलं, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

आई गेली तेव्हा तूच म्हणाला होतास, "बाबा, तिचं अंदमान राहिलं. आता तुम्हाला तरी नेईन." त्यानंतर मी कधी विषय काढला नाही.

मी इंदूरला तुझ्या मुक्ताताईकडे चाललो आहे. नानाखेड्याहून बस मिळेल. किल्ली शेजारी जोशीकाकूंकडे आहे. वरणभात झाकून ठेवलाय, पोळ्या मात्र निहारिकाला कराव्या लागतील. निघताना गॅस आणि पाण्याची मोटर आठवणीने बंद करा. घर राखायला मी नसेन.

मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणालो असतो. तुझ्या आईशिवाय तिथे जाऊन मी काय करणार? पण ते 'नाही' मी म्हणायचं होतं, तू नव्हे.

बाबा