तिसऱ्या रविवारची सूचना

बाबा, परवा चिखलीला बायकांच्या सभेत मला पुन्हा उभं केलं. देवाची वाट कशी पाहावी यावर ताई साक्ष देतील, असं पाळकांनी जाहीर केलं आणि समोरच्या पोरी डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागल्या. मी दिली साक्ष. तीस वर्षांत ती घोटून घोटून इतकी गुळगुळीत झालीय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. घरी आल्यावर मात्र ताट तसंच झाकून ठेवलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी ज्याला हे सांगायचं तो माणूस तुम्हीच आहात, म्हणून कागद घेऊन बसलेय.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही मिशनच्या शाळेत मास्तर, आणि पाळक महिन्यातून एकदाच यायचे म्हणून बाकीच्या रविवारी देवळात उपासनाही तुम्हीच चालवायचात. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा मलकापूरचा, रेल्वेच्या मालगोदामावर कारकून, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी, पण मला आवडला होता. आपल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार देवळात सूचना म्हणून दोघांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगावी म्हणून. दोन रविवार तुम्ही वाचलीत. दुसऱ्या खेपेला बायका माझ्याकडे वळून हसल्या, मी पदर तोंडाशी धरला. तिसऱ्या रविवारी तुम्ही वही उघडता, चष्मा पुसता, मंडळीकडे बघता, आणि वही मिटून गीताचा आकडा सांगता. मी पहिल्याच बाकावर बसलेली आहे. सगळे गायला उभे राहतात, मीही राहते. माझं तोंड हलतं, आवाज येत नाही.

घरी आल्यावर मी भाकर थापायला बसले. तुम्ही चुलीपाशी आलात, बसला नाहीत. म्हणालात, "माह्या मनाले शांती नाही भेटली, पोरी. लय प्रार्थना करून पाह्यली. थांबू जरा. देवाची येळ आली का मंग कोणी अडवत नाही."

"पण काऊन? काय खोट आहे त्याच्यात?"

"त्याच्यात काहीच नाही. मलेच शांती नाही."

शांती नाही म्हटलं की आपल्या घरात बोलणं संपायचं. गावातल्या कुणी हरकत घेतली असती तर मी पदर खोचून भांडले असते. इथं तुम्ही देवालाच पुढे केलं होतं. ती भाकर तव्यावर करपली आणि तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत.

मग सुरू झालं ते थांबणं. दोन वेळा नाव वाचलेली मुलगी ना धड ठरलेली, ना मोकळी. दुसरं स्थळ येणार नाही, हे लग्न लागणार नाही. आपल्या आवारात चार घरं, एक विहीर, भोवती मेंदीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडून रोज सकाळी मलकापूरची बस जायची. मी विहिरीवर असले की ती येण्याआधीच मला तिचा आवाज कळायचा. सकाळी चूल, मग शाळेत लहान मुलींना मुळाक्षरं, संध्याकाळी तुमचा काढा. कवेलूंच्या छपराखालच्या त्या दोन खोल्यांत मला श्वास पुरायचा नाही, आणि दमा म्हणे तुम्हाला होता. एकदा तो स्वतः मलकापूरहून आला. ओट्यावर बसून कप हातात तसाच धरून तुम्हाला म्हणाला, "मी थांबतो मास्तर, पण किती थांबू ते तरी सांगा." तुम्ही म्हणालात, "ते माह्या हातात नाही." मी दाराआड उभी होते. मला दोघांचाही राग आला. तुमचा, अडवता म्हणून, आणि त्याचा, तो इतका शहाण्यासारखा वागतो म्हणून.

आठ महिने असे गेले. एका सकाळी मी अंबाडीची पानं खुडत होते आणि तुम्ही माझ्यासमोर खाली जमिनीवर बसलात. शाळेची घंटा झाली तरी उठला नाहीत. "पोरी, तुले सांगतो. ते देवाकडून नव्हतं. तू गेल्यावर या घरात एकटा कसा राहू, म्हणून मी भेलो. अन् देवाचं नाव मधात घातलं. येत्या आयतवारी वाचतो." मी पानं खुडणं थांबवलं नाही. वर न बघता म्हटलं, "बाबा, आता नका वाचू. म्या बी प्रार्थना केली. मलेही थांबच म्हणते देव."

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि लहान मुलासारखे रडलात. "म्हणजे तो देवच होता," म्हणालात, "मी उगाच सोतःले खात होतो." रविवारी तुम्ही देवळात उभे राहून सगळ्यांना सांगितलंत की माझ्या लेकीनं देवाचा आवाज ऐकला. मंडळीनं आमेन म्हटलं. त्या आठवड्यात मी त्याला पत्र लिहिलं, वाट पाहू नका. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं.

त्यानंतर बायका माझ्याकडे यायला लागल्या. कुणाचं मूल आजारी, कुणाच्या नवऱ्याचं पिणं. ताई, तुमचं देव ऐकतो, तुम्ही प्रार्थना करा. नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून त्यांच्याबरोबर गुडघे टेकायचे. पहिली दोन-तीन वर्षं नुसते शब्द. एकदा एका बाईचं मूल वाचलं नाही, आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली, तेव्हा मला एकही शब्द सुचला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा देवाशी खरं बोलले. मग सवय लागली. माझा विश्वास वाढला तो असा, बाबा, साक्षीत सांगते तसा नाही. त्या खोल्यांचा जाच मात्र कमी झाला नाही. विश्वास वाढला की कुंपण लांब सरकतं असं लोकांना वाटतं. ते होतं तिथंच होतं, आणि अजून मी त्याच्या आतच राहते.

शेवटच्या आजारपणात तुम्ही रोज दुपारी तेच म्हणायचात. तू देवाचं ऐकलं, माह्यावरचं ओझं उतरलं. मी तुमची उशी सरळ करायचे.

बाबा, मी प्रार्थना केली नव्हती. त्या सकाळी नाही, आणि त्याआधीचे आठ महिनेही नाही. तुमच्या शेजारी डोळे मिटून बसायचे आणि मनातल्या मनात मलकापूरहून आलेल्या त्याच्या पत्राला उत्तर जुळवायचे. तुम्ही कबूल केलंत तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच दिसलं की आठ महिने गेले, आणि तुम्ही रडून मोकळे होणार. तुम्हालाही थोडं जळू द्यावं असं वाटलं. एकच आठवडा. रविवारी उपासना झाली की घरी येऊन सांगणार होते, वाचा आता, माझं मन बदललं. पण तुम्ही उपासनेतच उभे राहून सगळ्यांना सांगून टाकलंत.

देवाला मी हे केव्हाच सांगून टाकलंय. परवा सभेत सांगणार होते, तेही जमलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, ते बरंच आहे. तुम्ही असता, तर मी यातला एक शब्दही लिहिला नसता.