झाकणावर लिहिलंय तेच

प्रिय ठमे,

गॅरेजचं लोखंडी दार, गाडी चढवायचा रॅम्प, इंजिन टांगायची घोडी, ब्रेकमधली हवा काढायची बाटली आणि तुझा पाळणा, एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. म्हणून माझी मान जरा ताठच, असं तुझी आई ऐकवते. रविवारपासून तर दुसरं काही ऐकवतच नाही.

रविवारी जावईबापू आले आणि अर्धा चहा तसाच टाकून गेले. तुला काय सांगितलं ठाऊक नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणजे बरंच सांगितलेलं दिसतंय. आता माझंही ऐक.

त्यांच्या कंपनीच्या व्हॅन शाळेची मुलं घेऊन घाट उतरतात. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर स्वच्छ लिहिलंय, डॉट फोर. कंपनीच्या आवारात मात्र डॉट थ्रीचं पिंप, एक प्रत खालचं, लवकर उकळणारं, स्वस्तातलं, त्यातून बूच कायम उघडं. ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण ते तेल नव्हे. हवेतलं पाणी ओढून घेतं. लांब उतारावर ब्रेक तापले की असलं ऑइल उकळतं, नळीत बुडबुडे धरतात, मग पेडल नुसतं खाली जातं. सपाटीवर काही कळत नाही, हीच तर मेख.

मी म्हटलं, झाकणावरच्याच नंबराचे सीलबंद डबे आणा. ते म्हणाले, बाबा, दोन्ही एकमेकांत मिसळतात, सगळेच वापरतात, चालतं. मी म्हटलं, चालण्याचं राहू द्या हो, थांबण्याचं बोला. तुझी आई फिस्सकन हसली आणि सगळं बिनसलं. दारात चपला घालताना ते एवढंच म्हणाले, यापुढे आमच्याकडे येताना आधी विचारत जा.

विचारून येईन, ठमे. अपमान गिळता येतो मला. झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. मी नाही म्हटलं म्हणून व्हॅन थोड्याच थांबल्यात? दुसरा कुणीतरी तेच पिंप ओतेल. तुझं ते ऐकतात. तू बोल त्यांच्याशी.

त्यांनी कंपनीच्या मालकाला परस्पर माझ्या नावाने शब्द दिला होता, हे मला नंतर कळलं. तोंडघशी पडले बिचारे. तू रागाव माझ्यावर, पण कशापायी ते नीट कळून रागाव, म्हणून हे लिहिलं. सगळ्या व्हॅनच्या देखभालीचं काम, पाच वर्षांचा करार, ऑइल त्यांच्या पिंपातलं, वर्षाला अठरा लाख. मी नको म्हणालो.

तुझाच, अजून तरी,
बाबा