एलेनीची खाट

आयासोस, ३ मे १९७८

ती. स्त्रातिसमामांस,
मेरोपीचा शि. सा. न. वि. वि. तुमच्या उजव्या हाताला इथूनच ओठ लावते. तो हात तुमच्या बेटावरून इथे लेस्बोसपर्यंत पोचत नाही हे बरं आहे, नाहीतर पत्र वाचून झाल्यावर कानशिलात बसला असता.

ईस्टर पार पडला. आई जाऊन वर्ष झालं नाही म्हणून घरात अंडी रंगवली नाहीत. शेजारणींनी लाल अंडी इतकी आणून टाकली की कोंबडीसुद्धा लाजली असती. पण अंड्यावर अंडं आपटून कोणाचं फुटतं ते बघायला समोर कोणीतरी लागतं ना मामा. शेवटी एक अंडं मी आईच्या खाटेच्या कठड्यावर आपटलं. खाट जिंकली.

हो, खाट अजून तिथेच आहे, पुढच्या खोलीत मधोमध. आईला झोपल्या झोपल्या रस्ता दिसावा म्हणून आपण ती तिथे आणली होती, आठवतं? आता रस्ता बघायला कोणी नाही आणि मी त्या खाटेला वळसे घालत घरात फिरते. झोपते स्वयंपाकघरात. दुपारी बाराचे टोले पडले की हातातलं काम टाकून आईला कुशीवर वळवायला उठते. दारापर्यंत जाते, मग आठवतं. चार वर्षांची सवय, पायांना कोण सांगणार की ती गेली?

मितिलिनीहून पोलिक्सेनीबाईंचं पत्र आलंय. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी त्यांची शिवणशाळा सोडून आले होते. आता त्यांची नजर अधू झालीय, जरीकाम शिकवायला मला बोलावतात. महिनाअखेर हो-नाही कळवायचं, नाहीतर त्या खिओसच्या एका मुलीला घेणार. रोज पत्र उघडते, घडी घालते. 'हो' लिहवत नाही, 'नाही'ही लिहवत नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात आता जरा विसावा घे. विसावा कसला, मी दिवसभर पिंजऱ्यातल्यासारखी फेऱ्या मारते. प्रार्थनेला उभी राहते तर शब्द फुटत नाही. खरं सांगू? देवाचा राग आलाय.

काहीतरी लिहा. फक्त "सगळं त्याच्या हाती" असं लिहू नका, ते मला इथे फुकट मिळतं.

प्रेम आहेच, पण मधूनमधून ते कागदावर दिसू द्यावं, एवढीच विनंती.
तुमची
मेरोपी

प्सारा, ९ मे १९७८

चि. मेरोपी हिस,
मामाचे अ. उ. आ. आणि ख्रिस्त उठला आहे.

पाहिलंस? पाद्र्याच्या भाचीने ईस्टरच्या आठवड्यात पत्र लिहिलं आणि हे तीन शब्द विसरली. स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत इथली लहान पोरंसुद्धा वाण्याला आधी हे म्हणतात, मग गोळ्या मागतात. तू रागावलीस म्हणून तो काही परत थडग्यात जाऊन बसलेला नाही. पण राग आलाय हे लिहिलंस, ते आवडलं. ज्याच्यावर रागावतो त्याच्याशी आपलं बोलणं अजून तुटलेलं नसतं.

वाऱ्यामुळे बोट आली नाही, म्हणून उत्तराला उशीर. काल्लिओपीबाईंच्या बकरीने माझ्या झग्याची बाही खाल्ली. काल्लिओपीबाई म्हणतात की झगा दोरीवर का ठेवला. म्हणजे चूक झग्याची.

आता कामाचं. एकवीस तारखेला पक्षाघाती माणसाचा रविवार आहे. यंदा तो नेमका संत एलेनीच्या सणाला, म्हणजे तुझ्या आईच्या नामदिनी आला आहे. माझ्या बहिणीला हे कळलं असतं तर म्हणाली असती की देवालासुद्धा टोमणे मारता येतात. ज्या तळ्यात उतरलं की आजार जातो, त्याच्या काठी तो माणूस अर्धं आयुष्य पडून होता. प्रभू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचं आहे का? लहानपणी मला हा प्रश्न फार निर्दय वाटायचा. पण त्याचं उत्तर बघ. तो हो म्हणतच नाही. म्हणतो, महाराज, मला तळ्यात सोडायला कोणी नाही. पडून राहण्याची इतकी सवय झालेली की होकारसुद्धा तक्रारीसारखा निघतो. आणि गंमत ही की प्रभू त्याला रागवत नाही, होकाराची वाटही बघत नाही. म्हणतो, ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग.

बाज कशाला, मेरोपी? बरा झालेल्या माणसाने ते लक्तर तिथेच टाकून पळावं ना. माझं उत्तर असं, की ज्याने आजवर तुला वाहिलं ते आता तू वाहा. टाकून जाशील तर रोज मागे वळून बघशील.

जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तेवढी खाट हलव. पुढचं पाऊल ती हलल्यावर दिसेल, आत्ता ती मध्ये आहे.

माझं ठीक. घरातून देवळात, देवळातून घरी. तुझी मामी असती तर या पत्रावर तिच्या हातच्या लोण्याचा डाग पडला असता.

लोभ मागावा लागत नाही तिथेच मी पत्र लिहितो.
तुझा
स्त्रातिसमामा

प्सारा टपाल कचेरी, ११ मे १९७८

मेरोपीबाईंस,
स. न. वि. वि. ख्रिस्त उठला आहे.

आपली ओळख नाही, पण तुमची पत्रं पाकिटासकट मला पाठ आहेत. बकरीची मालकीण ती मीच. झगा दोरीवर नव्हता, कुंपणावर होता.

मी कोणाची पत्रं वाचत नाही, फक्त वजन करते. तुमच्या मामांची पत्रं इतकी जड असतात की दरवेळी जादा तिकीट लावावं लागतं. म्हणून लिहायला बसले. इतके शब्द त्यांच्याकडे आहेत हे इथे कोणाला माहीतच नाही. तुमच्या मामी आंथिप्पीबाई गेल्यापासून आमच्या पाद्र्यांनी देवळात एकदाही प्रवचन केलेलं नाही. शुभवर्तमान वाचतात, पुस्तक मिटतात आणि पाठ करून आत जातात. उपासना संपली की मागच्या दाराने घर. कॉफीला बोलावलं तर पोट बिघडलेलं असतं. ईस्टरला उंबऱ्यावर ठेवलेली पावांची ताटं तशीच परत आली. आम्ही धीर धरला, मग रुसलो, आता सवय झाली. सवयीचीच मला भीती वाटते. येत्या उन्हाळ्यात त्यांनी बिशपकडे मठात जायची परवानगी मागितली आहे. इथे दुसरा पाद्री कोण पाठवणार? देऊळ बंद पडेल.

तुम्ही त्यांच्या आहात. बोला. मी लिहिलं असं सांगायला हरकत नाही. त्यांना तसंही कळेल, या बेटावर टपाल खातं म्हणजे मी एकटी.

ओळख नसताना लिहिलं, ओळख झाली असं धरून चालावं.
आपली
काल्लिओपी

आयासोस, १५ मे १९७८

ती. मामांस,
शि. सा. न. पण आज ओठबीठ नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला तळ्याकाठचा माणूस समजावता आणि स्वतः त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठाला अंग टाकून आहात! काल्लिओपीबाईंनी सगळं कळवलंय. त्यांच्यावर ओरडू नका, नाहीतर मी बकरीला दुसरी बाही खाऊ घालायला सांगेन.

मामीच्या दफनाला मी येऊ शकले नाही. आई पडून होती. तुम्ही लिहिलंत की सगळं शांतपणे झालं, काळजी नको. मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. आणि तेव्हापासून तुमची ती लांबच लांब पत्रं. मला वाटायचं मामा माझ्यासाठी जागतायत. मामा, मी तुमचं देऊळ झाले होते. एका बाईचं देऊळ. तिथे कोणी समोर बसत नाही, कोणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

मठाचं मला का नाही सांगितलंत? मठात जायची ओढ लागली असती तर मी आनंदाने मेणबत्ती लावली असती. पण तुम्ही जात नाही आहात, लपता आहात. हे मला कळतं, कारण मीही तेच करते. मी राहते आहे असं लोकांना वाटतं. मीसुद्धा लपलेय, खाटेमागे.

तर आता व्यवहार. तुमचाच प्रश्न तुम्हाला परत: स्त्रातिसमामा, तुम्हाला बरं व्हायचं आहे का? एकवीस तारखेला, आईच्या नामदिनी, मी खाट बाहेर काढते. तुम्ही त्याच दिवशी पुस्तक मिटल्यावर पाठ करायची नाही. लोकांकडे तोंड करून काहीतरी बोलायचं. हवामानावर बोलला तरी चालेल. काल्लिओपीबाई माझ्या साक्षीदार. तुम्ही बोललात की नाही हे मला आठवडाभर कळणार नाही, तरी मी काढणार. तुम्हीही तसंच करा.

पोलिक्सेनीबाईंना अजून काही लिहिलेलं नाही.

रागावला असलात तरी लोभ कमी करू नये, कारण मी रागावले ती लोभामुळेच.
मेरोपी

प्सारा, २२ मे १९७८

चि. मेरोपी,
अ. उ. आ. ख्रिस्त उठला आहे.

आज छोटं पत्र. काल्लिओपीबाई म्हणाल्या, जादा तिकिटाला नाही म्हणणार.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या. एका भाचीने म्हाताऱ्या मामाला असं लिहावं? मग मामीचा फोटो बघितला. तीही तुझ्याच बाजूची होती, नेहमीसारखी.

काल शुभवर्तमान वाचलं. 'मला कोणी नाही' ही ओळ दोनदा वाचली. कसंबसं पुरं केलं, पुस्तक मिटलं, पाय सवयीने वळायला लागले. काल्लिओपीबाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या, पोलिसासारख्या. मी वळलो नाही. वाटलं, आत्ता तिकडे ती पोर खाटेला हात घालत असेल. बोलायचं काय ते ठरवलं नव्हतं. तोंडातून एवढंच आलं:

"आंथिप्पी गेल्यापासून मी म्हणतोय, मला कोणी नाही. आणि दर रविवारी तुम्ही सगळे माझ्यासमोर उभे होता."

मग मागून म्हातारा याकूमिस, जो लॉबस्टरशिवाय कशावर बोलत नाही, तो म्हणाला, "आम्ही इथेच होतो, फादर."

झालं. प्रवचन संपलं. पुढच्या दाराने बाहेर पडलो आणि चार घरी कॉफी प्यालो, त्यामुळे आज खरोखर पोट बिघडलं आहे. मठाचं अजून ठरलेलं नाही. पण बिशपना लिहिलं आहे की उन्हाळा जाऊ द्या, घाई नाही.

मी माझी बाज उचलली, वाकडीतिकडी. तुझ्या खाटेचं काय झालं ते कळव, मी घाटावर बोटीची वाट बघतो.
मामा

मितिलिनी, ४ जून १९७८

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि. ख्रिस्त उठला आहे. पहिल्यांदा मी म्हटलं, नोंद घ्यावी.

वरचा पत्ता वाचून घाटावरच ओरडू नका, बोट दचकेल. सगळं सांगते.

एकवीसला देवळातून आले आणि एकटीच खाटेला भिडले. कोणाला बोलवायचं नाही असं ठरवलं होतं. माझी आई, माझी खाट. स्क्रू गंजलेले, ढिले होईनात. मग कडेवर उभी करून ढकलत ढकलत दारात नेली. आणि अडकली. खाट आत आणल्यानंतर आपण चौकट बदलली होती, ती अरुंद झालीय हे डोक्यातच आलं नाही. खाट अर्धी रस्त्यात, अर्धी घरात, आणि मी आत. पुढे जाईना, मागे येईना. मला बाहेर पडायला वाटच उरली नाही. आधी हसले, मग जमिनीवर बसून रडले. बाराचे टोले पडले तरी मी रडतच होते.

मग खिडकीत गेले आणि हाक मारली. मामा, आई आजारी असताना इतक्या वर्षांत मी कोणालाही हाक मारली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचे, जमतं मला. हाक ऐकून अख्खं कॉफीगृह बाहेर आलं. पानायिस सुताराने चौकशीत वेळ घालवला नाही, दारच बिजागरीतून काढलं, मग चौकट सोडवली. चौघांनी खाट खांद्यावर घेतली. रस्त्यात उभे राहून पानायिसने विचारलं, "कुठे न्यायची?"

त्याचा मी विचारच केला नव्हता. तळघर, अंगण, भंगारवाला, काहीही म्हणता आलं असतं. ते चौघं खांद्यावर भार घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. तोंडातून निघालं, "मितिलिनीला."

पानायिस म्हणाला, एवढ्या लांब खांद्यावर नाही झेपायची, तेलाच्या ट्रकमध्ये टाकू. गल्लीतल्या बायका तिथेच रडायला लागल्या आणि लगेच शिदोरीला काय द्यायचं यावर भांडायलाही लागल्या. संध्याकाळी पोलिक्सेनीबाईंना तार केली. तुमचं पत्र गल्लीतल्या बायकांनी इथे पाठवून दिलं. याकूमिसचं वाक्य वाचून पुन्हा रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. जरीचा दोरा हातात घेतला की बोटं जड होतात. खिओसची ती मुलगी आता माझ्या हाताखाली शिकायला आलीय, माझ्यापेक्षा चपळ आहे. कधी वाटतं, परत पळावं. पण परत कुठे, दार अजून पानायिसकडेच आहे.

खोली लहान, तिच्यात खाटच खाट दिसते. आज रविवार. देवळातून येऊन तिच्यावर आडवी झाले होते. बाराचे टोले पडले तशी सवयीने उठून बसले. वळवायला कोणी नव्हतं, म्हणून मीच कुशीवर वळले आणि झोपले.

लोभ तिथून इथे वाहून आणायला आता जादा तिकीट लागो, तरी पाठवत राहावा.
तुमची
मेरोपी