रिव्हॉल्व्हर, अबोला व इतर जंगम मालमत्ता

मी, मल्लिनाथ माणिकप्पा हालकुडे, वय चौपन्न, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार औसा रोड, लातूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे असल्यामुळे सोमवारी नांदेडला शस्त्रक्रिया ठरली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धाकटा भाऊ मडिवाळप्पा याने आणून पाहिला, तो निष्फळ ठरला.

१. राहते घर पुतणी स्वप्नाली मडिवाळप्पा हालकुडे हिला द्यावे. वरच्या मजल्यावर क्लासेससाठी आलेल्या मुली राहतात, त्या राहाव्यात. लातुरात पोरांना डॉक्टर करण्याचा उद्योग वाढला, तेव्हा संस्कृतला पैकीच्या पैकी गुण पडतात एवढ्याच कारणास्तव लोक मला नमस्कार करू लागले. तो मजला त्या नमस्कारांवर चढला आहे. मुलींना पहाटे मोठ्याने पाठ करू द्यावे. उच्चार सुधारायला जाऊ नये. मी जाऊन थकलो.

२. बँकेतील ठेव मडिवाळप्पाला. त्याच्या आडत दुकानाला उपयोगी पडेल. ती घेतल्यावर मात्र त्याने पुढील कलमास हरकत घेऊ नये.

३. माझे मॅग्नम रिव्हॉल्व्हर स्वप्नालीला. तिला एकवीस पूर्ण झाली आहेत. परवाना तिच्या नावावर होईपर्यंत ते पोलीस ठाण्यात जमा ठेवावे. मडिवाळप्पाची हरकत येथे नोंदवतो, नाहीतर तो म्हणेल, ऐकूनच घेतले नाही. "दादा, पोरीच्या हातात बंदूक बघून कोन सोयरीक करंल?" माझे उत्तरही नोंदवतो: "ज्याचं मन स्थिर आहे तो करेल. बाकीचे आपोआप गळतील, तुझाच वेळ वाचेल."

४. हे शस्त्र तिलाच का, ते सांगणे भाग आहे. भारी काडतूस सुटले की नळी वर उसळते आणि मूठ तळहातावर आदळते. ग्रंथात याला प्रतिक्षेप म्हणतात, नेमबाजीच्या मैदानावर झटका. लोकांना वाटते झटक्याने नेम चुकतो. नेम चुकवते ती झटक्याची धास्ती. धास्तावलेला हात गोळी सुटण्याआधीच नळी खाली दाबतो.

त्र्याण्णवच्या भूकंपात माझी भावजय गंगम्मा गेली. स्वप्नाली सहा वर्षांची, तिच्या कुशीत झोपलेली होती, ती वाचली. त्यानंतर स्वयंपाकघरात ताट पडले तरी पोर डोळे मिटायची. त्या साली सगळा जिल्हाच आवाज होण्याआधी डोळे मिटत होता.

विष्णुपुरीजवळच्या आमच्या मैदानावर एक रिवाज आहे. सरावात आपले रिव्हॉल्व्हर आपण भरायचे नाही. जोडीदार भरतो, आणि खऱ्या काडतुसांत एखादे बिनदारूचे, दिसायला हुबेहूब खरे, असे घालतो. कोणते ते सांगत नाही. घोडा पडून नुसते खट् झाले आणि नळी खाली गेली, की धास्ती चारचौघांत उघडी पडते. माझा जोडीदार नजीर अत्तार, नांदेडचा अत्तरवाला. मैदानात तो पोहोचण्याआधी त्याचा गुलाब पोहोचत असे.

स्वप्नाली पंधराची असताना तिचे रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा त्यानेच भरले, हलक्या काडतुसांनी. पहिलेच खोटे निघाले. नळी जमिनीकडे गेली, पोर रडकुंडीला आली.

"चाचा, आवाजच झाला नाही. तरी मी हलले."

"समदं लातूर हलून राहिलं बेटा, तू एकलीच न्हाईस. मूठ उंच धर. कोपर ताठ नको. नळी वर जाती तर जाऊ दे, ती परत येती. तिच्याशी भांडू नको. अन् मास्तर, तुमी हसू नका. तुमचं बी असंच व्हतं."

५. आता अबोला. तीन वर्षांपूर्वीच्या राज्यस्पर्धेत माझा काडतुसांचा डबा नजीरने भरला, आणि हाताच्या सवयीने त्यातही एक खोटे घातले. अखेरच्या फेरीत खट् झाले. नळी तसूभर हलली नाही, हे साऱ्यांनी पाहिले. पंचांनी शून्य मांडले. पदक गेले. नजीर धावत आला आणि म्हणाला, "पन मास्तर, काय हात हाय! हललाच न्हाई!" चूक मी सोसली असती. या कौतुकामुळे बोलणे सोडले.

दिवाळीनंतर स्वप्नाली राज्यस्पर्धेत प्रथमच भारी काडतुसांवर उतरेल. त्या काडतुसांबरोबर तिची जुनी धास्ती परत आली आहे. दर खोट्या काडतुसाला नळी खाली जाते. आजवर मी भरत होतो. डॉक्टरांनी मला मैदान बंद केले आहे, आणि सोमवारनंतरचे मला ठाऊक नाही. तिने पाठ फिरवून उभे राहावे आणि मागे कोण भरतो आहे याची चिंता करू नये, असा माणूस मला एकच माहीत आहे. सबब नजीरवरील अबोला मी बिनशर्त मागे घेत आहे. चूक त्याचीच होती, ही नोंद कायम ठेवून.

त्याला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. वकील महानंदाताई सांगतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला तो साक्षीला हवा आहे.

६. सहीपूर्वी जोडलेले. निरोप मिळताच नजीर नांदेडहून बसने आला. सगळे वाचले. गंगम्माच्या ओळीपाशी थांबला, मग पुढे गेला.

"मास्तर, चूक माझी लिवलीय. खोडा."

"खोडाखोड केली की दस्त रद्द होतो." तसा होत नाही. महानंदाताईंना ते ठाऊक आहे.

"मग मी बी लिवणार."

"साक्षीदाराने फक्त सही करायची असते."

"तीन साल तुमचंच ऐकून गप बसलो की. द्या पेन."

पेन दिले. त्याने काय लिहिले याची जबाबदारी माझ्यावर नाही.

स्थळ: लातूर
दिनांक: ४ ऑक्टोबर २००८, शनिवार

(सही) मल्लिनाथ माणिकप्पा हालकुडे

आमच्या समक्ष सही झाली:

(सही) महानंदा बिराजदार, वकील, लातूर

(सही) नजीर अत्तार, नांदेड. चूक नाकबूल. पोरगी कबूल. उद्या सकाळी मैदानावर पाठवा.