काळ्यानं नेलेली पीडा

२ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारच्या पानावर लिहिलंय — ‘टाकीतला काळा मासा आपोआप गेला.’ खोटं आहे ते. तात्यांनी मला मराठी अक्षरं घरीच शिकवली, शाळेत सगळी हिंदी. त्यांचा तेव्हाचा नियम — चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची आणि खाली खरं लिहायचं. तर खरं हे: मीच मारला. नळ आले होते, शाळेत शिकवायला जायची घाई होती. टाकीतलं सगळं पाणी काढलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढरा केला आणि तेच गार, औषधाचा वास येणारं पाणी भरलं. दुपारी येऊन पाहते तर काळा उलटा. दोन्ही सोनेरी कसेबसे वाचले.

आणि घरात काय झालं! आदल्याच दिवशी इथल्या, धारच्या डॉक्टरांनी तात्यांना इंदूरला अँजिओग्राफी करायला सांगितलं होतं. मी टाकीपाशी रडत होते. तात्या म्हणाले, “रडू नको. काळा त्यासाठीच ठेवतात. माझी पीडा घेऊन गेला.” माईनं लगेच हात जोडले. संध्याकाळी तात्यांनी फोन करून इंदूरची तारीख रद्द केली.

मी वहीत ‘आपोआप गेला’ लिहून मोकळी झाले.

३ फेब्रुवारी

माई म्हणते, काळ्याची जागा रिकामी ठेवू नये. शाळेतून येताना फत्तेसिंगच्या दुकानातून नवा आणला. या खेपेला सगळं दोन-दोनदा विचारून घेतलं. त्याला हसू आलं — “दीदी, मच्छी ले जा रही हो कि दामाद?”

बांधलेली थैली टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवली. मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं एक वाटी पाणी तिच्यात. शेवटी जाळीनं फक्त मासा टाकीत सोडला, थैलीतलं पाणी मोरीत. दिवा बंद. आज खायला नाही.

४ फेब्रुवारी

फिल्टरमागे लपलाय. शाळेतून माईला दोनदा फोन केला. “हलतोय गं बाई, हलतोय!”

५ फेब्रुवारी

चार दाणे टाकले. तोंडात घेऊन थुंकला. सगळे वेचून काढले, राहिले तर पाणी सडतं. उद्यासाठी नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवलंय, औषधाचा वास उडून जावा म्हणून. थकले. माशाचे कल्ले बघायचे, मग तात्यांची छाती बघायची. दोन्हीकडे श्वासच मोजायचे.

८ फेब्रुवारी, रविवार

विपुलदादा देवासहून आला, त्याच्या कारखान्याला सुट्टी. जेवताना म्हणाला, “तात्या, मासा काय हार्ट स्पेशलिस्ट होता का?”

तात्या — “स्पेशलिस्ट माझ्यासाठी मेला असता का?”

सगळे हसले. मीही हसले! निघताना दादा म्हणाला, “किमू, तूच समजाव. तुझं ऐकतात ते.” तिथेच दारात सांगून टाकता आलं असतं. नाही सांगितलं.

१० फेब्रुवारी

काळा खातो! शेपूट मोकळी, सोनेऱ्यांच्या मागे मागे फिरतोय. तात्या आता चहाच्याही आधी टाकीपाशी जातात. “टवटवीत आहे. म्हणजे घर कुशल.”

म्हणजे मी माशाला जितकं जपते, तितके हे दवाखान्यापासून लांब जातात. आणि हाही मेला असता तर? आणखी एक पीडा गेली म्हणाले असते. जगला तरी तेच, मेला तरी तेच.

११ फेब्रुवारी

तात्या जिन्यात मधेच थांबले. हात भिंतीवर, ओठ पांढरे. “चपलेत खडा गेला,” म्हणाले.

पायात चप्पल नव्हती.

१२ फेब्रुवारी

शनिवारी सांगणार. शाळा अर्धा दिवस असते. वाक्य तीनदा लिहून पाहिलं — ‘तात्या, काळ्यानं पीडा नाही नेली, तो माझ्या हातानं मेला.’ रागावणार नाहीत. नुसते बघतील. तेच नकोय.

१३ फेब्रुवारी

टाकीतलं चौथा हिस्सा पाणी बदलत होते. स्पंज हातात घेतला, तर मागून तात्या — “नळाखाली नको हं, या वेळी. टाकीच्याच पाण्यात खळबळ.”

या वेळी!

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू रडत होतीस. काहीतरी म्हणायला हवं होतं.” मग माझ्याकडे न बघता, टाकीकडे बघत — “म्हटलं, आणि मलाही बरं वाटलं, पोरी. भीती वाटते गं.”

सांगायचं काही उरलं नाही. न्यायचं उरलं. इंदूरला फोन केला. उपाशी पोटी बोलावलंय. माशांनाही एक दिवसाचा उपास चालतो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. सकाळी सहाची बस.